पोहणारा शिंपला म्हातारा झाला की त्याच्या स्नायूंचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव तालुक्यातल्या एका पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात मी बरीच वर्षं बायॉलॉजी शिकवतोय. एकदा मृदुकाय प्राण्यांचा धडा चालू होता, दुपारची वेळ, पोरं पेंगायला लागलेली, म्हणून मोबाइलवर स्कॅलपचा व्हिडिओ लावला, शिंपला फटाफट उघडझाप करत पाण्यातनं पळतोय. अख्खा वर्ग जागा झाला. तेव्हापासनं प्रश्न येतच आहेत, माजी विद्यार्थ्यांचे, त्यांच्या आईवडलांचे, खानापूर-निपाणीकडच्या शिक्षकांचे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त प्रश्न म्हातारपणाबद्दलचे. तेच तेच परत येतात म्हणून इथं एका जागी लिहिलेत. एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल तर प्रश्नाचा नंबर दिलाय, तिथं बघा.

घाईत असाल तर निदान प्रश्न ८ वाचा. माझ्या मते सगळ्याचं मर्म तिथं आहे.

१. सर, शिंपला पोहतो म्हणजे नक्की काय करतो? त्याला ना पर ना शेपूट!

शेल कंपनीच्या पेट्रोल पंपावर पिवळं-लाल चिन्ह असतं ना, पंख्यासारखं, तोच स्कॅलप. दोन शिंपा, एका बाजूला बिजागरी, आणि मधोमध एक मोठा जाड स्नायू जो दोन्ही शिंपांना आतनं धरून ठेवतो. हा स्नायू आवळला की शिंपा फटकन मिटतात आणि आतलं पाणी बिजागरीच्या दोन्ही बाजूंनी जोरात बाहेर पडतं, त्या पिचकारीच्या धक्क्यानं प्राणी उघड्या तोंडाच्या बाजूनं पुढं सरकतो. बघताना वाटतं पाणी चावत चावत चाललाय.

आता महत्त्वाचं, हा स्नायू फक्त मिटवतो. उघडायला वेगळा स्नायू नाहीच. बिजागरीत ॲबडक्टिन नावाच्या प्रोटीनची रबरासारखी गादी असते, शिंपा मिटताना ती दबते, स्नायू सैल पडला की ती उसळून शिंपा परत उघडते. कपडे वाळत घालायच्या चिमट्याची स्प्रिंग डोळ्यासमोर आणा, अगदी तसंच.

शिवाय कडेनं डोळे असतात, काही जातींत २०० पर्यंत, आणि प्रत्येक डोळ्यात मागच्या बाजूला ग्वानिनच्या स्फटिकांचा आरसा. पण पळायचं मुख्य कारण म्हणजे तारामासा. तो नुसता टेकला तरी स्कॅलपला त्याचा वास कळतो आणि तो उडी मारतो.

२. मग आमच्या मलप्रभेतले शिंपले का पोहत नाहीत? आणि तिसऱ्या?

त्यांचं जगणंच वेगळं. नदीतला शिंपला काय, तिसरी काय, चिखलात-वाळूत पाय रोवून बसतात, हळूहळू सरकतात, धोका आला की मिटून घेतात. घरी तिसऱ्या आणल्या की रिकाम्या शिंपेच्या आतल्या बाजूला बघा, दोन टोकांना दोन डाग दिसतील, तिथं दोन स्नायू चिकटलेले होते. स्कॅलपच्या शिंपेत एकच मोठा डाग असतो, कारण पुढचा स्नायू मोठेपणी राहतच नाही आणि मागचा वाढून मधोमध आलेला असतो. कन्नडमधनं शिकणारी पोरं विचारतात की हे सगळे कप्पेचिप्पूच ना, तर हो, कुळ एकच, पण पळणारा हा एक आणि असे अजून थोडेच.

३. स्कॅलपचा स्नायू आपल्या दंडासारखाच असतो का?

अर्धा तसा, अर्धा नाही. म्हणजे एकाच स्नायूचे दोन भाग आहेत आणि पुढची सगळी उत्तरं या दोन भागांवर उभी आहेत म्हणून नीट सांगतो.

मोठा भाग पांढरट, मऊ, हा पट्टेरी स्नायू, आपल्या हाडांवरच्या स्नायूंच्या जवळचा. वेगात आवळतो, वेगात सैल पडतो, लवकर दमतो. पोहायचं काम याचं. त्याला चिकटून एक चंद्रकोरीसारखा छोटा भाग असतो, चिवट, हा गुळगुळीत स्नायू. हा हळू आवळतो पण एकदा आवळला की तासन् तास तसाच राहतो आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही, दाराला आतनं कडी घातल्यासारखं. याला कॅच म्हणतात. ट्विचिन नावाचं प्रोटीन ही कडी सांभाळतं आणि मज्जातंतूकडनं सेरोटोनिन नावाचा निरोप्या रेणू आला की कडी निघते. आपल्या दंडात असली सोय नाही. पिशवी धरून उभं राहिलं तरी आपली एनर्जी जळतच राहते.

म्हणजे स्कॅलपकडं दोन उपाय, पळणे आणि मिटून बसणे. म्हातारपणी यातला कुठला मागं पडतो ते प्रश्न ७ आणि ११ मध्ये.

४. तो इतक्या लवकर का दमतो ओ?

कारण पोहायला लागणारी एनर्जी तो आधीच भरून ठेवलेल्या डब्यातनं काढतो. पळताना ऑक्सिजन पोचवायला वेळच नसतो. त्याच्या स्नायूत आर्जिनिन फॉस्फेट नावाचा साठा असतो, आपल्याकडं क्रिएटिन फॉस्फेट असतं त्याच कामाचा. काही डझन फटके मारले की डबा रिकामा. त्यानंतर ग्लायकोजेन (स्नायूत साठवलेली साखर) फोडून ऑक्सिजनशिवाय थोडं भागवतो, पण आपल्यासारखं लॅक्टिक ॲसिड न बनता ऑक्टोपिन बनतं (ऑक्टोपसच्या स्नायूत पहिल्यांदा सापडलं म्हणून ते नाव). आणि बऱ्याच स्कॅलपांत ही ऑक्टोपिनवाली वाट पळताना कमी आणि दमून मिटून बसल्यावर जास्त वापरली जाते, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आवडलं होतं. दमल्यावरसुद्धा आत काम चालूच.

मग डबा परत भरायचा. त्याला मात्र ऑक्सिजन लागतो, म्हणजे कल्ले लागतात, मायटोकाँड्रिया (पेशीतली ऑक्सिजनवर चालणारी वीजघरं) लागतात. थोडे फटके मारण्याइतकी शक्ती लवकर येते, पण पूर्ण भरायला काही तास जातात. हे ध्यानात ठेवा, पळणं ऑक्सिजनशिवाय, सावरणं ऑक्सिजनवर.

५. शिंपल्याचं वय कसं काय कळतं? दात तर नाहीत बघायला

शिंपेवर वळी असतात, झाडाच्या खोडातल्यासारखी. थंड समुद्रात हिवाळ्यात वाढ थांबते, तिथं एक ठळक रेघ उमटते, रेघा मोजायच्या. ऐकायला सोपं पण दोन ठिकाणी फसायला होतं. एक, वादळ झालं, जाळ्यात ओढला गेला, खेकड्यानं कड मोडली तरी रेघ पडते, म्हणजे खोटी रेघ. दोन, म्हातारपणी वाढ इतकी कमी होते की शेवटच्या रेघा कडेला एकमेकांवर दाटतात आणि मोजताना सुटतात, म्हणजे नेमका जो सगळ्यात म्हातारा तोच कागदावर तरुण होतो. म्हणून नीट काम करणारे लोक बिजागरीपाशीच्या खुणा बघतात, नाहीतर शिंपेतला ऑक्सिजनच्या आयसोटोपांचा (हलक्या-जड प्रकारांचा) चढउतार मोजतात, त्यावरनं थंड-गरम ऋतू उलगडतात.

६. स्कॅलप जगतो तरी किती?

जातीवर आहे, आणि फरक प्रचंड. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा बे स्कॅलप जेमतेम दोन वर्षं, बरेचसे पहिल्यांदा अंडी सोडून काही महिन्यांतच मरतात. युरोपातला क्वीन स्कॅलप ८ ते १० वर्षं. उत्तर अटलांटिकमधला मोठा सी स्कॅलप आणि थंडीतला आइसलँडिक स्कॅलप वीस वर्षांच्या घरात पोचू शकतात. त्यामुळं कोणी "दोन वर्षांचा स्कॅलप" म्हटलं की लगेच विचारा, कुठल्या जातीचा? एकीत तो मरणाच्या दारात, दुसरीत अजून पोरगं.

७. बरं, आता मुख्य सांगा. म्हातारा झाल्यावर स्नायूत नेमकं काय बदलतं?

बाहेरनं दिसणारं आधी सांगतो. क्वीन स्कॅलपवर २००८ मध्ये याच विषयावर काम प्रसिद्ध झालं, छोटे तरुण आणि मोठे म्हातारे शेजारी शेजारी ठेवून तपासले. पळून जायची क्षमता वय आणि आकार वाढेल तशी घटत जाते हे त्यात स्पष्ट आहे. म्हातारा स्कॅलप चिडवला तर तोही उडतो, पण फटके कमी, फटक्यांमधलं अंतर जास्त, आणि मिटून बसायची वेळ लवकर येते.

आत बघायचं तर तीन ठिकाणी बघावं लागतं.

पहिलं म्हणजे साठा. डबा किती मोठा आहे आणि किती भरलेला आहे. ग्लायकोजेन आणि आर्जिनिन फॉस्फेट कमी असेल तर फटके लवकर संपणार, साधा हिशेब. पण हा साठा वयापेक्षा ऋतूवर जास्त हलतो, त्याचं प्रश्न ९ मध्ये आहे, तो वाचल्याशिवाय साठ्यावरनं वय ठरवू नका.

दुसरं म्हणजे आवळणारं यंत्र, ॲक्टिन-मायोसिनचे धागे. हे धागे सतत मोडतात आणि सतत नवे बांधले जातात, घराचं कौल शाकारत राहावं लागतं तसं. तरुणपणी बांधणी जोरात असते. म्हातारपणी दुरुस्तीचा वेग मंदावतो आणि तोच खर्च अंड्यांकडं वळतो.

तिसरं म्हणजे मायटोकाँड्रिया, आणि माझा जीव या तिसऱ्यावर जास्त आहे. प्रश्न ४ मध्ये सांगितलं की सावरणं ऑक्सिजनवर चालतं. म्हणजे मायटोकाँड्रिया कमजोर पडले तर पहिल्या पळण्यात फारसं कळणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पळण्यात कळेल. आता समुद्रात काय होतं विचार करा, तारामासा एकदा येऊन निघून जात नाही, तो परत येतो, नाहीतर दुसरा येतो. पहिल्यांदा सुटलेला स्कॅलप दुसऱ्यांदा सुटेल का हे डबा किती लवकर भरला त्यावर आहे. म्हणून म्हातारपण मोजायचं असेल तर "किती जोरात उडाला" एवढंच मोजून भागत नाही, "परत कधी उडाला" हे मोजायला लागतं. परीक्षेत पोरं नेमकं हेच विसरतात.

८. पण सर, म्हातारा स्कॅलप मोठापण असतो ना? मग दोष वयाचा की आकाराचा?

हा प्रश्न पहिल्यांदा मला एका मुलीनं विचारला, वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, आणि माझ्याकडं त्या दिवशी पूर्ण उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाचून आलो तेव्हा लक्षात आलं की अभ्यासकांचंही घोडं इथंच अडतं.

आधी आकाराचा हिशेब बघा. लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट होतं, पण स्नायूचा आडवा छेद, म्हणजे ताकद, चारपटच वाढते. पाण्यात वर उचलून राहायला जो पसारा लागतो, शिंपेचं क्षेत्रफळ, तेही चारपटच. म्हणजे काहीही न बिघडता, एकही पेशी म्हातारी न होता, नुसतं मोठं झाल्यामुळं पोहणं अवघड होतं. सी स्कॅलपमध्ये हे छान दिसतं, अगदी बारकी पिल्लं जास्त पोहत नाहीत, मधल्या आकाराची सगळ्यात चपळ, आणि १० सेंटीमीटरच्या वर गेलेली बहुतेक वेळ तळाला पडून असतात. शिंपा मोठ्या झाल्या की एका फटक्यात जास्त पाणी ढकलायला लागतं, त्यामुळं फटक्यांचा वेगही आपोआप उतरतो.

यात अजून एक भर. म्हाताऱ्या शिंपेवर बार्नेकल (खडकाला चिकटणारे कवचवाले बारके प्राणी) बसतात, नळीतले किडे घरं करतात, स्पंज वाढतात. ते सगळं ओझं घेऊन उडायचं. हेही स्नायूचं म्हातारपण नाही.

मग वेगळं काढायचं कसं? एक रस्ता असा की एकाच लांबीचे पण वेगवेगळ्या वयाचे स्कॅलप घ्यायचे, कारण चारा भरपूर असलेल्या जागी प्राणी लवकर मोठा होतो आणि खोल-थंड जागी तेवढंच व्हायला जास्त वर्षं लागतात. दुसरा रस्ता असा की पूर्ण प्राण्याच्या उडीऐवजी स्नायूचा ग्रॅमामागचा हिशेब करायचा, एका ग्रॅममध्ये एन्झाइम किती काम करतात, मायटोकाँड्रिया किती ऑक्सिजन घेतात. तिथंही फरक दिसला तर मग वयाकडं बोट दाखवायला जागा आहे.

मला वाटतं प्रत्येक म्हाताऱ्या जिवाबद्दल बोलायच्या आधी असाच वजाबाकीचा हिशेब करावा. आकार वजा, ओझं वजा, ऋतू वजा, विणीचा थकवा वजा, आणि मग जे उरतं ते वय.

९. अंडी सोडल्यावर स्कॅलप अशक्त होतो असं वाचलं, ते खरं का? बाळंतिणीसारखं?

खरं आहे, आणि इथं मादीच नाही, नरही अशक्त होतो. (बऱ्याच जाती तर एकाच अंगात नर-मादी दोन्ही.) विणीच्या आधी स्नायूतला ग्लायकोजेन आणि प्रोटीन काढून ते जननग्रंथीकडं पाठवलं जातं. स्नायू म्हणजे या प्राण्याची कणगीच म्हणा, सुगीत भरायची आणि गरजेला रिकामी करायची. आइसलँडिक स्कॅलपवर जे काम झालंय त्यात अंडी-शुक्र सोडल्यानंतर दमल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो आणि स्नायूतल्या मायटोकाँड्रियाची क्षमताही उतरलेली असते असं दिसलं.

आता याचा गोंधळ बघा. विणीनंतर पकडलेला तरुण स्कॅलप आणि चांगला खाऊनपिऊन टुणटुणीत असलेला म्हातारा स्कॅलप शेजारी ठेवले तर तरुणच म्हातारा वाटेल. म्हणून कुठल्या महिन्यात पकडले हे न लिहिलेल्या तुलनेवर मी तरी विश्वास ठेवत नाही. फरक इतकाच की तरुण चांगला चारा मिळाला की परत भरून येतो. म्हाताऱ्यात जननग्रंथी शरीराच्या मानानं मोठी असते, दर वर्षी मोठा वाटा तिकडं जातो, आणि स्नायूच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

१०. मायटोकाँड्रिया म्हातारे होतात म्हणजे गंजतात का? फ्री रॅडिकल वगैरे?

गंज हा शब्द समजवायला बरा आहे, पण पेशी लोखंडासारखी गप्प पडून नसते. मायटोकाँड्रिया ऑक्सिजन वापरताना थोडे चटकन चिकटणारे, नुकसान करणारे ऑक्सिजनचे रेणू सुटतात. पेशीत ते विझवायची सोय असते, कॅटलेज, एसओडी, ग्लुटाथायोन अशी रसायनं. ही सोय वयानुसार कमी पडायला लागली की प्रोटीन आणि चरबीचे मोडके तुकडे साठतात, लायपोफ्युसिन नावाचा तपकिरी कचरा तयार होतो जो पेशीला धड बाहेर टाकता येत नाही. म्हाताऱ्या शिंपल्यांत हा कचरा मोजून वयाचा अंदाज घ्यायचा प्रयत्नही झालेला आहे.

पण "फ्री रॅडिकल म्हणजे म्हातारपण" इतकं सरळ समीकरण वहीत लिहू नका. तो एक धागा आहे, बाकीचे प्रश्न ७ आणि ९ मध्ये आहेतच.

११. मग म्हातारा स्कॅलप वाचतो कसा? पळता येत नाही म्हणजे संपलंच की

नाही, संपत नाही. प्रश्न ३ मधली ती चंद्रकोर आठवा. पळणं महाग पडायला लागलं तरी मिटून बसणं स्वस्तच राहतं. शिंप जाड झालेली असते, मोठी झालेली असते, बऱ्याच खेकड्यांच्या नांगीत ती मावत नाही, छोट्या तारामाशाला ती उघडत नाही. वेगवेगळ्या जातींत हेच दिसतं, ज्यांची शिंप जड आणि पोहणं कमी ते फटके थोडे मारतात आणि कडी घालून बसायचं काम जास्त करतात.

काही क्वीन स्कॅलपच्या शिंपेवर स्पंज वाढतो आणि तो तारामाशाला नीट पकडूच देत नाही. म्हणजे प्रश्न ८ मध्ये ज्याला ओझं म्हटलं तेच इथं चिलखत झालं. मोठा तारामासा आला तर मात्र अवघड, तो पायांच्या चूषकांनी धरून ओढत राहतो आणि शेवटी कडी थकते.

१२. सगळ्या जातींत असंच होतं का? काही अपवाद?

दोन सांगतो.

अंटार्क्टिकाच्या समुद्रात ॲडम्युसियम नावाचा स्कॅलप आहे, पाणी शून्याच्याही खाली. तिथं सगळंच संथ, वाढ संथ, ऑक्सिजनचा वापर संथ, आणि आयुष्य दशकाहून जास्त. पण तोही पोहतो. थंडीत स्नायूची ताकद कमी पडते म्हणून त्याची शिंप अतिशय पातळ आणि हलकी असते. म्हणजे म्हातारपण किती वेगानं येतं यात पाण्याच्या थंडाव्याचा हात आहे.

दुसरा ॲम्युसियम गटातला, ताटलीसारखा गुळगुळीत, गरम समुद्रातला, सगळ्या स्कॅलपांत पट्टीचा पोहणारा. हे मोठेपणीही चांगले पोहतात कारण शिंप चपटी आणि हलकी. आयुष्य मात्र थोडक्याच वर्षांचं. पोहण्यात पहिला नंबर आणि आयुष्य छोटं, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते, पण आइसलँडिकसारखा पोहणाराही आणि टिकणाराही आहे, त्यामुळं याचा नियम करू नका.

१३. ५०७ वर्षं जगलेला शिंपला होता म्हणतात, मग हा स्कॅलप का मरतो लवकर?

हो, आइसलँडजवळ २००६ मध्ये सापडलेला, मिंग नाव दिलेला, जन्म १४९९ चा. तो आर्क्टिका जातीचा, चिखलात पुरून राहणारा, पोहत नाही. त्याचा खर्च फार कमी, मधेमधे तो स्वतःला बंद करून ऑक्सिजनशिवायसुद्धा पडून राहतो. स्कॅलपला मात्र मोठा वेगवान स्नायू कायम तयार ठेवायला लागतो. पुरून राहणारे आणि पोहणारे यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत पोहणाऱ्यांच्या मायटोकाँड्रियांची उतरण जास्त वेगाची दिसते. खर्चीक स्नायू पाळायची ती किंमत असावी असं माझं मत.

१४. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, जिना चढताना दमतात. हे स्कॅलपसारखंच का?

ताई, थोडं साम्य आहे आणि थोडं अजिबात नाही.

साम्य असं की माणसातही वेगवान धागे आधी बारीक होतात, हळू धागे टिकतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो, साठीनंतर वेग वाढतो, याला सार्कोपेनिया म्हणतात. म्हणून म्हातारा माणूस लांब चालू शकतो पण तोल गेला की पटकन पाय टाकून सावरता येत नाही, कारण ते काम वेगवान धाग्यांचं.

फरक असा की माणूस मोठा झाल्यावर वाढत नाही, त्यामुळं प्रश्न ८ चा आकाराचा गोंधळ नाही. शिवाय यंत्राची बटणंही वेगळी, आपल्या स्नायूत कॅल्शियमचं बटण ॲक्टिनच्या धाग्यावर असतं आणि स्कॅलपमध्ये ते थेट मायोसिनवर असतं, हे १९७० च्या सुमारास स्कॅलपच्याच स्नायूवर काम करताना कळलं. त्यामुळं स्कॅलपला लागू ते सासऱ्यांना लागू असं धरू नका. आणि दम अचानक वाढला असेल, छातीत दाटत असेल, पाय सुजत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, वय झालं म्हणून सोडून देऊ नका. वजाबाकी तिथंही करायचीच.

१५. म्हातारपणी व्यायाम करून काही उपयोग होतो का? आमच्याकडं म्हणतात एकदा तालीम सुटली की सुटली

आपल्या भागात तालमीचं वेड आहे, आनंदवाडीच्या आखाड्याला कुस्त्या बघितलेली पिढी घराघरात आहे, त्यामुळं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. माझे वडील तरुणपणी लाल मातीत खेळलेले. सत्तरीनंतर ते खुर्चीतनं हात टेकून उठायला लागले आणि घरात सगळ्यांनी, मीसुद्धा, वय झालं म्हणून मान्य केलं. दोन वर्षं ते जवळजवळ बसूनच होते. ती दोन वर्षं वजा करायचं आम्हाला कोणालाच सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर डॉक्टरांना विचारून रोज थोडं खुर्चीतनं उठ-बस सुरू केलं, जेवणात डाळ, उसळ, अंडी वाढवली. काही महिन्यांत ते हात न टेकता उठायला लागले.

१९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांवर प्रयोग झाला, आठ आठवडे वजन उचलायचा पायांचा व्यायाम दिला, तर ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! म्हणून सुटली की सुटली हे खरं नाही. सुरुवात मात्र डॉक्टरांना विचारूनच.

१६. हॉटेलात मोठा स्कॅलप महाग असतो, तो म्हातारा असतो का? चिवट लागेल का?

पाश्चात्त्य देशांत जो पांढरा गोल तुकडा ताटात येतो तो प्रश्न ३ मधला वेगवान स्नायू. चंद्रकोरीचा चिवट तुकडा स्वयंपाकी आधीच ओढून काढतात, तो राहिला तर तेवढाच भाग चिवट लागतो. तिकडं भाव एका पाउंडात किती नग बसतात त्यावर ठरतो, दहापेक्षा कमी म्हणजे मोठा माल. मोठा म्हणजे वयानं जास्त असण्याची शक्यता आहे पण खात्री नाही, चारा चांगला असेल तर लवकर मोठा होतो. चव गोडसर लागते ती ग्लायकोजेन आणि ग्लायसिनमुळं, म्हणजे विणीच्या आधी की नंतर पकडला याचा फरक पडतो, प्रश्न ९ बघा. चिवट होण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र तव्यावर जास्त वेळ ठेवणं.

१७. आपल्याकडं मिळतो का? बेळगावच्या मासळी बाजारात कधी दिसला नाही

भारताच्या समुद्रात काही जाती आहेत, ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मालाबरोबर येतातही, पण तिसऱ्या-कालवांसारखी त्याची वेगळी मासेमारी आपल्या किनाऱ्यावर नाही. बेळगावला गोवा, कारवार, मालवणकडनं मासळी येते, त्यात तिसऱ्या, खुबे, शिनाणे मिळतात. समुद्रावर सहलीला गेलात तर वाळूत पंख्यासारख्या रेषांची, बिजागरीपाशी दोन कान असलेली रिकामी शिंप शोधा. सापडली तर तो स्कॅलपच्या कुळातला.

१८. सर, यावर प्रोजेक्ट करायचाय. स्कॅलप नाही, लॅब नाही, काय करू?

तिसऱ्यांवर कर. त्या पोहत नाहीत पण प्रश्न ८ चा अर्धा हिशेब त्यांच्यावर होतो. नदीतले जिवंत शिंपले काढू नको, बाजारातनं किलोभर तिसऱ्या आण, आईला सांग की आमटी होणारच आहे, आधी मोजून घेतो.

वजनकाटा आणि व्हर्नियर एवढंच लागेल. प्रत्येकीची लांबी, पूर्ण वजन, रिकाम्या शिंपेचं वजन लिही. आतले दोन स्नायूंचे डाग आलेख कागदावर गिरवून त्यांचं क्षेत्रफळ मोज. मग लांबी आणि वजन लॉग कागदावर मांड, रेघेचा चढ ३ च्या आसपास येतो का बघ. लांबी आणि डागाचं क्षेत्रफळ मांड, २ च्या आसपास येतो का बघ. आला तर ताकद वजनाच्या मागं कशी पडते ते तुझ्याच कागदावर दिसेल, पुस्तकातनं घ्यायची गरज नाही.

वळीपण मोज, पण आपल्याकडं त्या वर्षाच्याच असतील असं नाही, पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी आलं की रेघ पडते, वीण झाली की पडते, म्हणून वहीत "वय" असं लिहू नको, "रेघा" लिही. आणि शेवटी सारख्या लांबीच्या पण कमी-जास्त रेघांच्या दहा-दहा शिंपा निवडून दोन ढीग कर, त्यांचे डाग मोजून शेजारी शेजारी मांड. फरक आला तर मला कळव, नाही आला तरी कळव.